माझा आवाज घासू नका

आपल्या भाषेला कानांचं भारी वेड. कुणी कान फुंकतं, कुणी कान टवकारतं, कुणी कानावर हात ठेवून नामानिराळं होतं. माझे कान यातलं काहीच करत नाहीत. ते जन्मापासून शोभेला आहेत. चष्मा अडकवायला बरे पडतात, एवढंच.

बोलते मात्र मी. बहिऱ्या मुलांच्या शाळेत बाईंनी माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून एकेक अक्षर शिकवलं. गळा कुठे थरथरतो, वारा कुठून निघतो, जीभ कुठे टेकते, सगळं हाताने चाचपून शिकले. माझा आवाज कसा आहे ते मला कधीच कळणार नाही. तो मला लोकांच्या भुवयांवर दिसतो. दुकानात जाऊन "अर्धा किलो साखर द्या" म्हटलं की दुकानदाराच्या भुवया वर जातात, रांगेतला माणूस वळून बघतो, आणि कुणाचं तरी पोर आईच्या मागे लपतं. शेवटी वैताग आला आणि मी बाहेर बोलणंच सोडलं. बोट दाखवायचं, नाहीतर मोबाइलवर लिहून पुढे करायचं. साखर तेवढीच मिळते.

मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात. त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करायचा, त्यावर मेणाचा कठडा बांधायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या येतात आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून सगळं चकचकीत करायचं. त्या चाकाचा आवाज म्हणे असह्य असतो. बाकीचे कानात बोळे घालून बसतात आणि घासायचं काम हळूच माझ्या टेबलावर सरकवतात. दिवसभर तोंडं हाताळत असल्यामुळे असेल, पण ओठ वाचण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मिशीवाले तेवढे माझे शत्रू.

नवराही बहिरा. तो सुतार आहे. आम्ही खुणांनी बोलतो, भांडतोही खुणांनीच, आणि फारच राग आला की डोळे मिटून घेतो. समोरच्याने मग कितीही हात नाचवावेत.

पोटात बाळ आलं आणि माझं तोंड सुटलं. घरात भुवया उडवणारं कुणी नव्हतं. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना मी पोटाशी मोठमोठ्याने बोलायचे. आज कुणाची कवळी आली, तिचा मालक किती चिकट, तुझा बाप मोजे कुठे कुठे टाकतो. माझ्या छातीतली थरथर त्याच्यापर्यंत पोचत असणार, एवढं मला पुरे होतं. एकदा वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली येऊन दार ठोठावत बसली. आमच्याकडे बेल दाबली की दिवा लागतो, ठोठावून काही होत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा कचरा टाकायला बाहेर पडला तेव्हा ती दिसली. घरात कुणी रडतंय का, असं तिने मोबाइलवर लिहून विचारलं. मी गात होते.

मुलगा झाला. गाल असे फुगलेले की आम्ही त्याचं नाव बोका ठेवलं. दोन्ही गाल फुगवायचे, ही त्याची खूण. दवाखान्यात त्याच्या कानात छोटी गुंडी घालून तपासणी झाली आणि नर्सने हसून अंगठा दाखवला. बोक्याला ऐकू येत होतं.

आता वन्संची ओळख करून द्यायला हवी. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा भावाला तिनेच वाढवलं. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये "दरवाजे बंद होत आहेत" असं जी बाई सांगते ती म्हणजे आमच्या वन्सं. बँकेत फोन लावला की "कृपया प्रतीक्षा करा" म्हणतात त्याही त्याच. आवाज विकून जगणारी बाई! लोक म्हणतात, ऐकत राहावं असा गोड आहे. असेल. मला विचाराल तर त्यांच्या तोंडातली सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे पुढचे दोन दात, कारण ते मी बनवलेत.

ऐकू येतं म्हटल्यावर वन्सं बोक्याला छातीशी धरून हमसाहमशी रडल्या. भाऊ बहिरा, भावजय बहिरी, आणि मुलाला कान! मला त्यांचं रडणं समजत होतं, आणि रागही येत होता. ऐकू आलं नसतं तरी तो आम्हाला एवढाच हवा होता.

त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बाळांच्या मेंदूचा अभ्यास चालतो. जन्मलेल्या बाळाला आवाज ऐकवला की त्याचा मेंदू काय उत्तर देतो, आणि पुढे महिन्या-महिन्याला ते उत्तर कसं बदलतं, हे तिथल्या संशोधक बाई बघतात. त्यांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. माझ्या मुलाच्या डोक्यात असं काहीतरी चाललं होतं जे मला कधीच कळलं नसतं. निदान त्याचं चित्र तरी बघावं, असा माझा विचार. फोन नंबर मात्र वन्संचा दिला, कारण आम्ही फोन कसा घेणार?

पहिल्यांदा गेलो तेव्हा बोका अजून नुसता गोळा होता. तिथल्या एका तरुण तंत्रज्ञाने त्याच्या डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेली, तारांची मऊ टोपी चढवली. मी त्या माणसाचं नाव टोपीवाला ठेवलं. बाळ आईच्या मांडीवर, समोर स्पीकर, आणि आईच्या कानांवर भलेमोठे हेडफोन. आवाज बदलला की आई नकळत दचकते किंवा बाळाला थोपटते, आणि मग उत्तर बाळाचं की आईचं तेच कळत नाही. म्हणून आईला हेडफोनवर गाणी लावून देतात. टोपीवाला हेडफोन घेऊन माझ्याकडे आला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लाल झाला.

"असू द्या," बाहेर न बोलण्याचा माझा नेम विसरून मी म्हटलं, "माझी आतूनच सोय आहे."

संशोधक बाई एवढ्या हसल्या की त्यांच्या दाढांतलं चांदीचं काम दिसलं. मला त्या तिथेच आवडल्या. माझ्याकडे तोंड करून, घाई न करता बोलायच्या, आणि कळलं नाही तर लिहून दाखवायच्या.

एका आवाजाचं उत्तर मेंदूतल्या इतर गडबडीत बुडून जातं, त्यांनी सांगितलं. म्हणून तोच "बा" शेकडो वेळा वाजवायचा आणि सगळ्या उत्तरांची सरासरी काढायची. मग पडद्यावर बोक्याचं उत्तर उमटलं. एक बुटकी, पसरट टेकडी. रेघ बराच वेळ सपाट चालते, मग उगाच आळस दिल्यासारखी वर चढते आणि उतरते.

"नवीन बाळाचं उत्तर असंच असतं," बाई म्हणाल्या. "उशिरा येतं आणि पसरट येतं. मेंदूतल्या नसांवर अजून नीट आवरण चढलेलं नाही, रस्ते कच्चे आहेत. महिने जातील तशी टेकडी लवकर येईल, उंच होईल, टोकदार होईल. 'बा' आणि 'गा'मधला फरकही त्याचा मेंदू जास्त चटकन दाखवेल."

"आपोआप होतं ते?" वन्संनी विचारलं. त्या आमच्या सोबत आल्या होत्या.

"थोडं वयानुसार होतं. थोडं कानावर काय पडतं त्यावर."

झालं. वन्संना हवं होतं ते मिळालं. त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी सांगितलं, की पहिली दोन वर्षं बोका त्यांच्याकडे राहील. दुसऱ्या गावी, त्यांच्या घरी. पाळणा त्यांनी बघूनही ठेवला होता. "तुमच्या घरात आवाजच नाही गं. टीव्ही नाही, रेडिओ नाही. त्याच्या मेंदूला काय मिळणार? मी दिवसभर बोलेन त्याच्याशी. दोन वर्षांनी घेऊन जा, आहेच की तुमचा."

"मी बोलते त्याच्याशी," मी म्हटलं.

वन्संच्या भुवया वर गेल्या नाहीत. त्यांना सवय आहे. त्यांनी नुसता माझा हात थोपटला आणि नवऱ्याकडे वळल्या. मी बनवलेल्या दातांआडून माझं मूल मागत होत्या, आणि तेही किती मायेने!

नवऱ्याने खुणेनं "बघू" म्हटलं. त्याचं हे "बघू" म्हणजे माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणं आहे. बहिणीसमोर त्याचा हात "नाही" म्हणायला उचलत नाही. पुढच्या तपासणीत उत्तर नीट वाढलेलं दिसलं तर ठीक, नाहीतर त्या बाळ नेतील, असं बहीण-भावाचं ठरलं. माझी मान हलली नाही. पण माझी मान कुणी बघत नव्हतं.

ते महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. कामाला अर्धवेळ जायचे आणि बोक्याला टेबलाशेजारी टोपलीत ठेवायचे, चाकापासून लांब. घरी आले की बोल बोल बोलायचे. नवऱ्याने कुठूनसा जुना रेडिओ आणला. चालू आहे की बंद, हे आम्ही त्याच्यावर हात ठेवून बघायचो. एकदा दिवसभर तो नुसता खरखरत होता म्हणे. शेजारणीने येऊन स्टेशन लावून दिलं. मी बोलत असले की बोका माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि पाय झाडायचा. मला ते पुरेसं वाटायचं, आणि मग आपण स्वतःची समजूत घालतोय की काय, अशी भीतीही वाटायची.

चौथ्या महिन्यात आम्ही चौघं पुन्हा त्या खोलीत होतो. बोका, मी, नवरा आणि वन्सं. वन्संच्या खांद्याला एक नवी बॅग होती. त्यातून बोक्याच्या मापाचं ब्लँकेट डोकावत होतं. तिथूनच नेण्याची तयारी होती, हे मला ते ब्लँकेट बघेपर्यंत कळलं नव्हतं. नवऱ्याला कळलं होतं की नाही, हे मी त्याला विचारलं नाही.

टोपी चढली. "बा, बा, गा" झालं. पडद्यावर जुनी टेकडी आणि नवी टेकडी एकीखाली एक आल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. नवी उंच होती, आणि कितीतरी आधी चढत होती. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्याचे डोळे भरले होते.

"छान वाढतंय," संशोधक बाई म्हणाल्या. "आता दुसरा भाग. एकदा आईच्या आवाजातला 'बा', एकदा अनोळखी बाईच्या आवाजातला."

बोक्याला समोर साबणाचे फुगे दाखवत तो भागही झाला. या वेळी पडद्यावर दोन टेकड्या एकीवर एक बसल्या, जणू एकच. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळून सावकाश म्हणाल्या, "या वयाच्या बाळांमध्ये आईच्या आवाजाला बहुतेकदा वेगळं उत्तर दिसतं. इथे ते दिसत नाहीये. दोन्ही आवाज त्याला सारखेच अनोळखी असावेत असं."

इतके महिने पोटाशी, मग मांडीवर घेऊन केलेली बडबड सगळी वाऱ्यावर? मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मग मला वेगळंच काहीतरी सुचलं.

"पण माझा आवाज तुमच्याकडे आला कुठून?" मी मोठ्याने विचारलं. "मी कधी दिलाच नाही."

बाईंनी टोपीवाल्याकडे बघितलं. टोपीवाल्याने कॉम्प्युटरकडे बघितलं. "ऑफिसातून फोन गेला होता ना," तो म्हणाला, "आईच्या आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवा म्हणून. आलं होतं. एकदम स्वच्छ."

आणि मी वन्संकडे बघितलं. त्या बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या.

"मी पाठवला," वन्सं म्हणाल्या. "माझा. माझ्या स्टुडिओतून." मग भराभर बोलायला लागल्या, मला अर्धंच वाचता येत होतं. "तुझा आवाज त्या मशीनला... म्हटलं बाळाची परीक्षा नीट व्हावी... लोक हसतील तुला, आत सगळे बसून ऐकतात... मी तुझ्यासाठीच..."

मला राग आला. माझ्या पोराला माझं म्हणून दुसऱ्याचं काहीतरी वाजवून दाखवलं होतं, आणि वर, तुला तुझी आई ओळखता येत नाही, असं त्याच्यावर लिहिलं जाणार होतं! पण खोटं कशाला बोलू, रागाच्या पोटात एक आनंदाची उकळीही फुटली. शहराला वेड लावणारा तो आवाज बोक्याने अनोळखी बाईच्या रांगेत बसवला होता. शहाणा बोका.

"आता घ्या माझा," मी म्हटलं. "आत्ता. इथे."

"आजच कशाला?" वन्सं म्हणाल्या. "तो दमलाय."

"तो दमलेला नाही. तुम्ही घाबरलाय."

शेजारी एक छोटी खोली होती. भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं. आत मी आणि माइक. काचेपलीकडे बाई, टोपीवाला, वन्सं आणि बोक्याला घेतलेला नवरा. नवरा सोडून सगळ्यांना स्पीकरवर ऐकू जाणार होतं. शाळेनंतर एवढ्या लोकांना मुद्दाम आवाज ऐकवायची ही पहिलीच वेळ. मी स्वतःचा हात गळ्यावर ठेवला, शाळेतल्या बाई ठेवायच्या तसा, आणि म्हटलं, "बा."

काचेपलीकडे वन्संच्या भुवया हलल्या. मला दिसल्या. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पुन्हा म्हटलं, "बा." आणि पुन्हा. बोका नवऱ्याच्या खांद्यावरून वळायला लागला होता, पण तो कशामुळे वळतोय ते मी बघत बसले नाही. वन्संनी मान खाली घालेपर्यंत मी म्हणत राहिले.

बाहेर आले तर टोपीवाला कॉम्प्युटरवर काहीतरी करत होता. पडद्यावर माझ्या आवाजाची रेघ, खालीवर उड्या मारणारी. त्याने दोन-तीन बटणं दाबली आणि खाली दुसरी रेघ उमटली, सरळ, इस्त्री केलेली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तुमचीच. थोडी साफ केली. आवाज मध्येच वर जातो ना, तो सपाट केला. आवाजाची जातकुळी एकसारखी असली की बरं पडतं."

बिचारा मनाने चांगला होता. त्याला वाटलं मी आभार मानेन.

"मी दिवसभर दात घासते," मी म्हटलं. "घासण्याला माझी ना नाही, त्यावर माझं पोट आहे. पण कवळी घासतात कारण ती कुणाच्या तोंडात उगवलेली नसते. हा माझ्या तोंडातला आहे. माझा आवाज घासू नका."

त्याला सगळं समजलं नसावं. त्याने बाईंकडे बघितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"लांबी आणि मोठेपणा तेवढा दुसऱ्या आवाजाइतका कर," त्या त्याला म्हणाल्या, "तेवढं लागतंच. बाकी कशाला हात लावू नकोस. त्याची आई तशीच बोलते."

तो ते करत होता तेवढ्यात मी बोक्याला पाजलं. मग पुन्हा टोपी, पुन्हा फुगे. मी मांडीवर बोक्याला धरून बसले आणि स्पीकरकडे बघत राहिले. त्यातून माझा आवाज निघत होता आणि तो त्या खोलीत मी आणि नवरा सोडून सगळ्यांना ऐकू येत होता. जगाला माहीत असलेली माझी एक गोष्ट मला माहीत नाही, याचं त्या दिवशी पहिल्यांदाच मला काही वाटलं नाही.

संपलं. टोपीवाल्याने सरासरी काढायला घेतली. बाई पडदा माझ्याकडे वळवायला लागल्या, तेव्हा मी हात वर केला.

"थांबा. आधी मी सांगते." मी उभी राहिले. बोका कडेवर होता, ओल्या केसांचा. "वन्सं, पडद्यावर काहीही येऊ दे. टेकडी येऊ दे, खड्डा येऊ दे. बोका कुठेही जाणार नाही. तो मला माझ्या आवाजावरून ओळखतो की वासावरून की दातांवरून, ते त्याचं तो बघेल. ती बॅग तुम्ही रिकामीच घेऊन जायची."

वन्सं काहीतरी म्हणाल्या. मी बघितलं नाही. डोळे मिटून घेतले आणि मग उघडून पडद्याकडे वळले. "हं, दाखवा."

या वेळी दोन टेकड्या एकमेकींवर बसल्या नाहीत. अनोळखी बाईची मघासारखीच होती. माझी लवकर चढली होती, आणि उतरायचं नाव घेत नव्हती. मोठी, रुंद, वेगळी. मी बोट लावून ती पडद्यावर चाचपली. टोपीवाला पडद्याला हात लावू देत नाही, त्या दिवशी त्याने लावू दिला. मी रडले. भरपूर रडले. चार महिन्यांचं साठलेलं होतं.

संशोधक बाईंनी मला रडू दिलं आणि मग प्रामाणिकपणे सांगितलं, "एक लक्षात घ्या. आम्ही खूप बाळांचं बघून मग काही म्हणतो. एका बाळाच्या एका रेघेवरून मी काही ठामपणे सांगू शकत नाही. तो दमलेला असेल, तुमच्या मांडीवर हलला असेल. मला फार छान वाटलं, पण हा पुरावा नाही."

"बघ," वन्सं लगेच म्हणाल्या. "त्याच म्हणतायत, यावरून काही ठरत नाही. उत्तर वाढलंय, पण पुढे? तू त्याला शब्द कसे शिकवणार? गोष्टी कोण सांगणार? मी काय त्याचं वाईट करणार आहे का?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वाईट करणार नव्हत्याच. तेच तर अवघड होतं. वाईट बाईला घराबाहेर काढता येतं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात नवऱ्याने बहिणीच्या खांद्याला हात लावला. त्या वळल्या. नवऱ्याच्या लहानपणी दोघांनी घरच्या घरी बनवलेल्या काही खुणा आहेत, त्या वन्संना येतात. तो सावकाश बोलत होता, त्यांना कळावं म्हणून.

"मला निवासी शाळेत ठेवलंस, तेव्हाही माझ्या भल्यासाठीच ठेवलंस."

वन्संनी मान हलवली.

"शाळा चांगली होती. मी शिकलो. पण झोपायच्या वेळी दिवा घालवायचे. दिवा गेला की कुणाचेच हात दिसायचे नाहीत. मग मी कुणाशी बोलायचं? मी रडायचो. तुला ते माहीत नाही, कारण सुट्टीत घरी आलो की मी छान असायचो."

वन्संनी बॅग खांद्यावरून उतरवली.

"तुझ्याकडे त्याला आवाज मिळेल," नवरा म्हणाला. "आमचे हात मिळणार नाहीत. दोन वर्षांनी तो येईल आणि आमच्याकडे पाहुण्यासारखा बघेल. तुला चालेल? मला चालणार नाही." आणि मग त्याने ती खूण केली जी मी लग्नानंतर बहिणीसमोर त्याला कधीच करताना बघितली नव्हती. नाही. हात आडवा, झटकून.

वन्सं खुर्चीत बसल्या. ब्लँकेट बॅगेतून काढून मांडीवर घेतलं आणि त्याच्या कडा ओढत बसल्या. त्या क्षणी मला त्यांची दया आली. भावाला एकदा दूर पाठवून जी बाई इतकी वर्षं त्याची भरपाई करत होती, तिला आज कळलं होतं की ती तीच चूक नव्याने करायला निघाली होती. मी जवळ गेले.

"शब्द तुम्ही शिकवा," मी म्हटलं. "गोष्टी तुम्ही सांगा. फोनवर सांगा, घरी येऊन राहा, वाटलं तर आमची बाहेरची खोली घ्या. आवाज हवा तेवढा घरी आणा. बाळ घराबाहेर न्यायचं नाही."

"रविवारी येऊ?" त्यांनी विचारलं. मोठ्या माणसाने असं लहान होऊन विचारलेलं मला बघवत नाही.

"शुक्रवारीच या. आणि ते ब्लँकेट इथेच राहू दे, छान आहे."

खाली हॉलमध्ये तपासणीला आलेल्या पेशंटांची गर्दी होती. बोक्याला एकदम भूक आणि झोप दोन्ही लागली आणि तो तोंडाचा चंबू करून रडायला लागला. ते मला त्याच्या छातीवरून कळतं. मी त्याला दोन्ही हातांनी समोर धरलं आणि बोलायला लागले. मोठ्याने, पोटात असताना बोलायचे तसं. काय झालं माझ्या बोक्याला, कुणी टोपी घातली, कुणी फुगे पळवले, आता आपण घरी जाणार, तुझ्या बापाचे मोजे शोधणार. बाकांवरची माणसं वळली. एका म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. काउंटरवरच्या बाईच्या भुवया केसांपर्यंत गेल्या. बोक्याचं रडणं अर्ध्यावर थांबलं आणि त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

वन्संनी सवयीने माझ्या दंडाला हात लावला. "अगं, हळू बोल ना. सगळे बघतायत."

"बघू देत," मी आणखी मोठ्याने म्हटलं. "मी त्याच्याशी बोलतेय."